पाहुणा रेणू

पहिल्यांदा प्रकाश दिसला तेव्हा शर्वरी मगदूमला वाटलं, दिव्यातच काहीतरी बिघाड असणार. तिनं तो पेनाएवढा जांभळा दिवा बंद केला, ओढणीनं मनगट पुसलं आणि पुन्हा लावला. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली टिकली रोज या उजेडात काळीशार दिसायची. आज ती कोवळ्या पानासारखी पोपटी चमकत होती.

"अभि!" तिनं कोठीच्या खोलीतूनच हाक मारली. "लवकर ये. आणि येताना दार लोट."

कोठीची खोली घरातली सगळ्यात अंधारी, म्हणून रोज सकाळी ती टिकली इथंच बघायची. अभिनंदन दात घासत होता, तो तोंडात ब्रश तसाच ठेवून आला. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, वळवून वळवून पाहिलं आणि ज्वारीच्या पोत्यावर मटकन बसला.

"खरंच?"

"मला काय विचारतोस? दिसतंय ना तुला?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत शर्वरीची पाळी एकदाही चुकली नव्हती. तपासण्या झाल्या, दोघांतही दोष सापडला नाही. 'कारण कळत नाही' हेच निदान होऊन बसलं होतं. दत्तकासाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, तिथंही नुसती वाट बघणं चालू होतं. आपल्यात कधी काही रुजलंच नाही, अशी शर्वरीची समजूत झाली होती. आणि आज तिच्या मनगटावर उजेड पडला होता.

जयसिंगपूरच्या सहाव्या गल्लीत शर्वरीचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. महामार्गावर चालकाविना गाड्या धावायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण उसाच्या ट्रॉल्या आणि आडव्या येणाऱ्या म्हशी यांच्यापुढं त्या गाड्यांची अक्कल चालत नसे. त्यामुळं गावात अजून हातानं गाडी चालवावी लागे आणि शर्वरीकडं शिकायला बायकांची गर्दी असे. अभिनंदनचं फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचं वर्कशॉप घराच्याच मागं होतं. घरात तिसरं माणूस म्हणजे अभिनंदनची आई, अक्का. सकाळी जैन बस्तीत दर्शनाला जाणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या आणि सुनेला मुलाबद्दल एका शब्दानंही न टोचणाऱ्या.

टिकली दिली ती सांगलीच्या डॉक्टर कित्तूर यांनी. 'चाहूल' या नावानं ती तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. डॉक्टरांनी टेबलावरची चहाची बशी उचलून समजावलं होतं.

"ही वाटी आहे असं समजा. असा वाटीच्या आकाराचा रेणू प्रयोगशाळेत घडवलाय. निसर्गात तो कुठंही सापडत नाही. केमिस्ट्रीवाले त्याला यजमान म्हणतात. कारण त्याच्या पोकळीत नेमक्या मापाचा दुसरा रेणू येऊन बसतो. तो पाहुणा."

"आणि हा पाहुणा कोण?" अभिनंदननं विचारलं होतं.

"गर्भ नळीतून खाली उतरून गर्भाशयाला चिकटायला लागला की त्याच्या बाहेरच्या पेशी एक छोटासा रेणू सोडतात. तो आईच्या रक्तात येतो, अगदी थोडा घामातही उतरतो. जुन्या चाचण्यांना तो पकडता येत नव्हता. त्यांत प्रतिपिंडं वापरायचे, ती नाजूक. ऊन लागलं की खराब. ही वाटी दणकट आहे, प्लॅस्टिकमध्ये बसवली तरी काम करते."

"मग प्रकाश कुठून येतो?"

डॉक्टर हसल्या होत्या. "वाटीत आधीच एक भाडेकरू ठेवलाय. रंगद्रव्याचा रेणू. वाटीत बसलेला असतो तोवर तो गप्प. पाहुणा आला की वाटी त्याला जास्त घट्ट धरते आणि भाडेकरूला बाहेर काढते. बाहेर पडलेलं रंगद्रव्य जांभळ्या उजेडात चमकतं. अशा कोट्यवधी वाट्या या टिकलीत आहेत."

"आणि पाहुणा गेला तर?" हे शर्वरीनं विचारलं होतं.

"तर भाडेकरू परत आपल्या जागी. अंधार." मग बशी खाली ठेवत त्या म्हणाल्या होत्या, "हे नीट ऐका. कुणीतरी आलंय, एवढंच या वाटीला कळतं. ते राहणार की जाणार, हे तिला कळत नाही. निम्म्याच्या आसपास गर्भ पाळीची तारीख यायच्या आधीच थांबतात. पूर्वीपासून थांबतात. आजवर ते कुणाला दिसत नव्हतं, आता दिसणार. तेवढी तयारी असेल तरच लावा."

तयारी आहे, असं दोघंही एका सुरात म्हणाले होते.

तो पहिला प्रकाश आठवडाही टिकला नाही. एका सकाळी टिकली नुसती राखाडी दिसली, दुसऱ्या सकाळी काळी. मग पाळी आली, ठरल्या दिवशी, काहीच घडलं नसल्यासारखी. पूर्वीची शर्वरी त्या दिवशीही गाडी काढून शिकवायला गेली असती. या वेळी ती कोठीच्या खोलीत बसून रडली. अभिनंदन दाराशी उभा राहिला. ज्याला नाव नाही, वजन नाही, जे डोळ्यांना दिसलंही नसतं, त्याच्यासाठी माणसानं किती रडायचं असतं?

हा प्रश्न त्या वर्षी पुष्कळ घरांत पडला होता. 'विझली' हा शब्द बायकांच्या बोलण्यात रुळला. हळदीकुंकवात एक दुसरीला हळूच सांगायची, "माझी विझली गं परवा." काही सासवांनी जांभळे दिवे स्वतःजवळ ठेवून घेतले. टिकली विझू नये म्हणून कुणी इंजेक्शनं विकू लागलं, कुणी अंगारे. खुद्द चाहूल बनवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी एका मुलाखतीत सांगितलं की आम्ही हे गर्भ का थांबतात त्याच्या संशोधनासाठी केलं होतं, दागिन्यासारखं घालायला नाही. पण तोवर ते लाखो मनगटांवर गेलं होतं.

शर्वरीची टिकली पुन्हा उजळली. पुन्हा विझली. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी ती खचायची. तरीही हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपण आता फक्त मुलासाठी टिकली लावत नाही. आपण त्या उजळलेल्या दिवसांसाठी लावतो. त्या दिवसांत ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. रस्त्यानं चालताना डावा हात पोटाशी धरायची. मनातल्या मनात कुणाशीतरी बोलायची, बघ, हा आपला आंबा, ही तुझी आजी चालली बस्तीत. बाकीचा महिना ती त्या दिवसांची वाट बघत काढायची.

क्लच दाबून धक्का बसेल म्हणून तिनं उजळलेल्या दिवसांत गाडी शिकवणं सोडलं. मग पुढच्या महिन्यातही उजळेल म्हणून एकूणच सोडलं. शिकायला येणाऱ्या बायका इचलकरंजीला जाऊ लागल्या.

एका दुपारी अक्का तिच्याजवळ येऊन बसल्या. शर्वरी पलंगावर उताणी पडून छताकडं बघत होती.

"आज लागलाय काय दिवा?"

"हो, अक्का."

"पोरी, एक बोलू? राग मानू नको. अभिच्या आधी माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत माझे किती आले न् किती गेले, मला काय ठावं? मी रानात भांगलत हुते, पाणी पाजत हुते. कळलंच न्हाई, म्हणून दुखलं न्हाई."

शर्वरी उठून बसली. "पण मला कळतंय, अक्का. कळल्यावर मी भांगलायला कशी जाऊ?"

अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

अभिनंदननं कोठीच्या खोलीत येणं बंद केलं होतं. सुरुवातीला दिवा तोच धरायचा. आता तो सकाळी लवकर वर्कशॉपमध्ये जायचा आणि तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचा. एकदा त्यानं सुचवून पाहिलं. "सहा महिने काढून ठेवू या का ही टिकली? फिरून येऊ कुठंतरी. तू पुन्हा गाडी सुरू कर."

"आणि त्या सहा महिन्यांत कुणी येऊन गेलं तर? मला भेटल्याशिवाय?"

आपण एकाच गोष्टीची वाट बघतोय, असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

अमरावतीच्या संस्थेतून फोन आला तो भर उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणावेळी. बोलणाऱ्या बाईंचं नाव वर्षा ठोसरे. दत्तकाच्या यादीत तुमचा नंबर लागलाय, त्या म्हणाल्या. एक वर्षाचा मुलगा आहे. फोटो पाठवते. होकार असेल तर दोघांनी दोन दिवसांत संस्थेत यायचं, नाहीतर पुढच्या जोडप्याला कळवावं लागतं.

फोटो उघडला. सतरंजीवर बसलेलं एक गुटगुटीत पोर, अंगात कुणाचातरी मोठा झबला, एका कानात बोट घातलेलं, कॅमेऱ्याकडं संशयानं बघणारं. अभिनंदननं फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"कानात बोट घालून बसलाय बघ," तो म्हणाला. "अक्का, इकडं या! हा बघा!"

फोन स्पीकरवर होता. वर्षाताई पुढं बोलत होत्या. "एक औपचारिक प्रश्न आहे, मॅडम. तुम्ही चाहूल लावता का?"

"लावते," शर्वरी म्हणाली.

"आज टिकली कशी आहे? नवीन नियमानुसार विचारावं लागतं. प्रकाश असेल तर गर्भवती म्हणून फाईल थांबवतात. तसं असेल तर बाळ पुढच्या जोडप्याला जाईल. तुमचा नंबर मागे जातो, रद्द होत नाही."

टिकली पाच दिवसांपासून उजळलेली होती, आधी कधी नव्हती इतकी लख्ख.

अभिनंदननं पटकन फोनवर तळहात ठेवला. "नाही म्हण," तो कुजबुजला. "शर्वरी, काढून टाक ती टिकली आणि नाही म्हण. चार दिवसांत विझणारच आहे."

त्याला तसं म्हणायचं नव्हतं. शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्यालाही ते कळलं. शर्वरीनं मनगट दुसऱ्या हातानं झाकून घेतलं, लहान मुलाचे कान झाकावेत तसं.

"मॅडम? आवाज येतोय का?"

शर्वरीनं त्याचा हात फोनवरून बाजूला केला. "येतोय. हो, प्रकाश आहे."

"अरे वा! अभिनंदन!" पलीकडून वर्षाताई मनापासून म्हणाल्या. स्वतःचं नाव ऐकून अभिनंदननं मान वर केली आणि क्षणभर कुणीतरी आपल्याला बोलावतंय अशा नजरेनं फोनकडं पाहिलं. मग त्यानं फोटो बंद केला, हात धुतले आणि ताट तसंच ठेवून वर्कशॉपमध्ये निघून गेला.

या वेळी प्रकाश टिकला. पाळीची तारीख उलटून गेली, तरी सकाळी टिकली पोपटीच. डॉक्टर कित्तूर यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, अजून काही सांगत नाही, पण ठीक आहे. अक्कांनी बस्तीत नारळ वाढवला. अभिनंदनही हळूहळू निवळला. एका सकाळी तो आपण होऊन कोठीच्या खोलीत आला, दिवा हातात घेतला आणि तिच्या मनगटावर धरला. दोघं त्या पोपटी उजेडात एकमेकांकडं बघत उभे राहिले. त्या मुलाचा विषय कुणीच काढला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी टिकली राखाडी झाली.

डॉक्टरांनी सगळं पुन्हा पुन्हा समजावलं. तुमची काही चूक नाही, झोपून राहिल्यानं तो राहिला नसता आणि गाडी चालवल्यानं गेला नसता. गर्भातच गुणसूत्रांची जोडणी फसलेली असते. शर्वरी मान हलवत राहिली. घरी आल्यावर ती थेट वर्कशॉपमध्ये गेली. अभिनंदन एका ड्रोनचं पातं बसवत होता.

"अभि, अमरावतीला फोन कर."

"कशाला?"

"विचार तर खरं. गेला नसेल अजून."

त्यानं फोन केला. तिच्या देखत केला. बोलणं अगदी थोडक्यात झालं. मुलाला त्याच आठवड्यात दुसऱ्या जोडप्यानं नेलं होतं. जास्त सांगता येत नाही, वर्षाताई म्हणाल्या.

अभिनंदननं पाना खाली ठेवला. आवाज न चढवता, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "तो मुलगा विझणार नव्हता, शर्वरी."

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिला इतकं कठोर कधी बोलला नव्हता. ती उभी होती तिथंच खाली बसली, तेलकट फरशीवर. खूप वेळानं तोही तिच्या शेजारी येऊन बसला.

त्या दिवशी टिकली निघाली. पाण्यानं भिजवून, कडेनं नख घालून शर्वरीनं ती सोलून काढली. खाली गोरी, चकतीएवढी जागा राहिली होती, तिला ऊनच लागलं नव्हतं. पुढचे कित्येक महिने दर पाळीच्या आधी तिचा हात आपोआप मनगटाकडं जायचा. आता कुणी येत असेल, जात असेल, तिला कळत नव्हतं. ते न कळणं अक्का म्हणाल्या तसं हलकं नव्हतं. पण त्यात काम करता येत होतं. दिवाळीनंतर तिनं गाडी धुतली, बॅटरी बदलली आणि पाटी पुसली. पहिली विद्यार्थिनी म्हणून आल्या त्या साठीच्या एक मास्तरीणबाई. त्यांनी क्लच सोडताना गाडी अशी उडवली की शर्वरीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

फोटोतला तो मुलगा मात्र डोळ्यांपुढून जाईना. जे आले नि गेले त्यांना तिनं मनातल्या मनात कसंही रंगवलं होतं. याला खरा चेहरा होता, खरा कान होता, कानात खरं बोट होतं. बाजारात त्या वयाचं पोर दिसलं की तिची नजर त्याच्या हाताकडं जायची. आता चालत असेल, ती हिशोब करायची. आता बोलत असेल. कुणाला आई म्हणत असेल. घरी येऊन ती हे अभिनंदनला सांगायची. एकदा तो म्हणाला, "मी पण बघतो. कानाकडं."

त्यानंतर दोघं पुन्हा एकत्र चहा प्यायला लागले.

पुढच्या वर्षी वर्षाताईंचा फोन आला. बाळ नव्हतं. सहा वर्षांची मुलगी होती, कावेरी. आवाजात थोडा संकोच होता. "मोठ्या मुलांना सहसा कुणी विचारत नाही, म्हणून आम्हीच यादीतल्या लोकांना फोन करतोय. नाही म्हणालात तरी चालेल, नंबर जाणार नाही."

"मी टिकली लावत नाही आता," शर्वरी म्हणाली. "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"या वयाच्या मुलांसाठी ते विचारतच नाही, मॅडम."

शर्वरीनं अभिनंदनकडं पाहिलं. तो केव्हाच उठून गाडीची किल्ली शोधायला लागला होता.

कावेरी भेटीच्या खोलीत आली ती दोन घट्ट वेण्या घालून, पाठीवर स्वतःची पिशवी अडकवून. ती रडली नाही, हसलीही नाही. आई म्हण, असं वर्षाताईंनी सांगितल्यावर तिनं ते म्हणून टाकलं, शाळेत कविता म्हणतात तसं. सगळे कागद होईपर्यंत तिनं अभिनंदनच्या चपलांचं बारकाईनं निरीक्षण केलं.

परतीच्या वाटेवर गाडी शर्वरी चालवत होती. अभिनंदन मागं कावेरीजवळ बसला होता. ती खिडकीतून बघत होती, विचारलं तेवढंच बोलत होती. एका ठिकाणी तिला ओकारी झाली. शर्वरीनं गाडी कडेला घेतली, तिचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला. त्यानंतर पोरीला जरा धीर आला असावा. गाडी सुरू झाल्यावर तिनं आपण होऊन विचारलं.

"तुमच्या घरी अजून कोण मुलं आहेत?"

"कुणी नाही," अभिनंदन म्हणाला. "आजी आहे."

"आधी पण कुणी नव्हतं?"

अभिनंदननं आरशातून शर्वरीकडं पाहिलं. शर्वरीनं गिअर बदलला.

"एक मुलगा येणार होता," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा लहान."

"मग?"

"मी त्याला आणायला गेले नाही."

"का?"

"मला वाटलं, दुसरं कुणीतरी येतंय."

"आलं का?"

"नाही."

कावेरी विचारात पडली. पुढच्या सीटच्या पाठीला धरून ती उभी राहिली आणि शर्वरीच्या खांद्यापाशी तोंड आणून म्हणाली, "मग आता जाऊ या ना त्याला आणायला. गाडी आहे ना आपल्याकडे."

शर्वरीच्या डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला. तिनं वेग कमी केला.

"तो आता त्याच्या घरी आहे."

"लांब आहे ते?"

"मला माहीत नाही, बाळा."

"बरं," कावेरी म्हणाली. मग समजूत घालावी तशा आवाजात तिनं सांगितलं, "माहीत झालं की जाऊ."

आणि ती तशीच उभी राहिली, शर्वरीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून, समोरचा रस्ता बघत.